गुरुजींनी सोपी केलेली नोटीस

सरकारी कागद आला की शेवगाव तालुक्यातल्या त्या नदीकाठच्या गावात पहिली धाव विष्णुपंत गुरुजींकडे. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. ‘सदरहू’, ‘उपरोक्त’, ‘अन्वये’ असलं सगळं जंगल तोडून ते दोन वाक्यांत मतलब सांगत. लोक तलाठ्याला भीत आणि गुरुजींवर विसंबत. त्याचा गुरुजींना अभिमान होता, आणि अभिमान घाई करायला लावतो.

त्र्याहत्तर साली गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार हे पक्कं झालं. बदली जमिनीसाठी अर्ज भरून झाले होते, तोच नवी नोटीस आली: जुने अर्ज रद्द, नमुना बदलला, प्रत्येक खातेदाराने स्वतंत्र अर्ज करावा. गुरुजींनी ती चावडीवर वाचली. शेवटच्या अटीशी अडखळले आणि मग हसून म्हणाले, “सरकारला कागद वाढवायची हौस! नमुना नवा, मजकूर जुनाच. घरटी एक अर्ज, कर्त्याच्या नावानं.”

एका चुलीवर जेवतं ते एक घर, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. सरकार याहून निराळं काही म्हणत असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

बायकांच्या घोळक्यातून चांगुणा पुढे झाली. तिचा नवरा बन्सी दोन वर्षांमागे वारला होता. ती लेकीला घेऊन थोरल्या दिरापाशी, रंगनाथपाशी, एकत्रच राहत होती.

“गुरुजी, सातबाऱ्यावर माजं बी नाव हाय. माजा येगळा अर्ज लागंल का?”

“का? रंगनाथचं घर फोडायचंय का तुला?”

लोक हसले. चांगुणा ओशाळून मागे सरली. खरं तर त्या चावडीवर नोटीस कळली होती ती तिला एकटीलाच.

पावसाळ्याआधी यादी लागली. रंगनाथला जमीन मिळाली, चांगुणाचं नाव नव्हतं. गुरुजी तीनदा तालुक्याला गेले. ‘चूक माझी आहे, बाईची नाही’ असं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. कारकुनानं मुदतीच्या तारखेवर बोट ठेवलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. गुरुजींनी तिच्यासाठी रंगनाथपाशी शब्द टाकला, तर तो म्हणाला, “मला तीन पोरं हायेत. मी कुनाकुनाला पुरू?” आणि बिऱ्हाड बैलगाडीत घालून तो नव्या गावठाणाकडे गेला. आपण त्या बाईचा संसार बुडवला, हे गुरुजींना आता घास गिळू देईना. तिनं येऊन शिव्या घालाव्यात, असं त्यांना फार वाटे.

ती आली, पण हातात कागद घेऊन.

“ह्यो काय म्हनतोय, सांगा.”

गुरुजींनी कागद दोनदा वाचला. सोपं करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

“आठ दिवसांत घर मोकळं करायचं, चांगुणा.”

“आन् जायाचं कुटं?”

“ते लिहिलेलं नाही.”

चांगुणा कागदावर वाकली. मग अगदी शांतपणे म्हणाली, “नीट बगा, गुरुजी. येखादी वळ ऱ्हायली आसंल.”

गुरुजींनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, आणि त्यांना अक्षरं दिसेनात.