जगताप काकांनी आणलेली ट्यूब

"हिला खरंच काही झालं असेल, तर निदान पेशंट सॅम्पल घरचंच मिळेल," मशीनच्या खोलीत मेधाताई कुणाला तरी म्हणाली. ती माझी सीनियर. मी दाराबाहेर उभी होते, आणि रक्त माझं होतं.

पुढे जे घडलं, तसल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी प्रोजेक्ट असिस्टंट आहे. रक्तात चमकणारा रंग जोडलेल्या मोनोक्लोनल अँटिबॉडीज घालायच्या. प्रत्येक अँटिबॉडी तिच्या ठरलेल्या पेशीलाच चिकटते, आणि लेझरखाली ती पेशी स्क्रीनवर ठिपका होऊन दिसते. तुलनेला निरोगी रक्त लागलं की आमच्यातलंच कुणीतरी बाही वर करतं — लॅबची जुनी पद्धत.

त्या सकाळी माझ्या रक्तात भलत्याच ठिपक्यांचा दाट पुंजका आला. हाडांच्या मज्जेतल्या कच्च्या पेशी — निरोगी रक्तात त्या जवळजवळ दिसतच नाहीत. घाबरून तेच रक्त पुन्हा मशीनला लावलं. स्वच्छ. बाहेरच्या लॅबचा रिपोर्टही नॉर्मल.

पुढच्या आठवड्यात मेधाताईच्या रक्तात तेच झालं. पुन्हा लावल्यावर तेही स्वच्छ. आमच्या लॅबप्रमुख सरांना वाटलं, मीच नमुने एकमेकांत मिसळले. मला म्हणाले, "पिपेटची टिप बदलायची असते, हे कॉन्व्हेंटमध्ये शिकवत नाहीत का?"

मी कमी बोलते, त्यामुळे बघत असते. दोन्ही वेळा ट्यूब मशीनपर्यंत जगताप काकांनी आणली होती — आमचे अटेंडंट, लोणी काळभोरहून येतात. स्वच्छ निघालेल्या ट्यूब मी नेल्या होत्या. मग मी गुपचूप करून पाहिलं. एकाच रक्ताच्या दोन ट्यूब, झाकणं घट्ट... एक त्यांच्या हाती, एक माझ्या. सहा वेळा. सहाही वेळा पुंजका त्यांच्याच ट्यूबमध्ये.

काकांनी स्वतः कधी रक्त दिलं नव्हतं. "सुईचं लई भ्या हाय मला, ताई." हल्ली जिना चढताना ते मध्येच पायरीवर टेकायचे.

पण सांगणार काय? सगळे हसतील म्हणून तीन आठवडे गप्प राहिले. मग काका लॅबमध्येच चक्कर येऊन पडले. अक्यूट ल्युकेमिया — झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर. हॉस्पिटलच्या रिपोर्टमधला आलेख मी पाहिला... तोच पुंजका, त्याच जागी.

असं का झालं, मला आजही सांगता येत नाही.

वॉर्डबाहेर त्यांच्या बायकोने माझा हात धरला. "डॉक्टर म्हंत्यात उशीर झाला. आधी कुणालाच कसं कळलं न्हाई, ताई?"

"मला कळलं होतं, काकू," मी म्हणाले. "तीन आठवड्यांपूर्वीच."