नातीला विचारायचे प्रश्न

गेल्या रविवारी सकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर एका सत्तरीतल्या माणसाने मला इंग्रजी विचारले. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल. मी फोनवर इंग्रजीत बोलताना त्यांनी ऐकले होते.

"पावणं, होमवर्कला मेक म्हणायचं का डू?"

"डू."

"आणि फ्रेंडला?"

"मेक."

"अवघडच हाय की! आपलं एक करणं सगळ्याला पुरतंय."

अमेरिकेत वाढलेल्या त्यांच्या नातीला मराठी येत नाही. दर रविवारी मुलगा फोन लावतो आणि तिला समोर बसवतो. घरी ते एकटेच असतात, म्हणून सरावाला कट्ट्यावर येतात.

"भिंतीसंगं बोललं तर चूक कोण सांगणार?" ते म्हणाले.

तेवढ्यात फोन आला. त्यांनी टोपी सारखी केली. तिकडे रात्र होती, म्हणून पहिला प्रश्न जेवणाचा होता. आपल्याकडे बोलणे तिथूनच सुरू होते.

"डिड यू हॅव डिनर, बाळा?"

"येस, आजोबा. बाय!"

मुलगी उठून गेली.

"आबा, थांबा हं, बोलावतो तिला," मुलाचा आवाज आला.

"व्हय व्हय, सावकाश. मला काय गडबड न्हाय."

पडद्यावर रिकामी खुर्ची दिसत होती. फोन तसाच समोर धरून ते पुढचे प्रश्न हळू आवाजात म्हणू लागले. डिड यू डू होमवर्क. डिड यू मेक फ्रेंड्स. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. दोन्ही बरोबर होते.

मी निघालो तेव्हा फोन चालू होता आणि खुर्ची रिकामी होती.