थांबमामा आणि कॅसेटमधली मंडळी

गाणं संपलं की लगेच बोलायचं नाही, हा आमच्या मामांच्या घरचा कायदा होता. कॅसेट खट्‌कन थांबली तरी मामा एक हात वर धरून बसायचे. आम्ही भाचरं चुळबुळ करायला लागलो की म्हणायचे, "थांब. अजून घरातून गेलं नाही ते." ते कुठून कुठे जायचं, आम्हाला कधीच कळलं नाही. एकदा मी शहाणपणा करून टाळ्या वाजवल्या, तर मला केळींना पाणी घालायला मागे पिटाळलं होतं. आम्ही त्यांचं नाव थांबमामा ठेवलं आणि ते त्यांना आवडलंही.

मामांची वसई पश्चिमेला वाडी. केळी, अबोली, थोडी पानवेल. घरात सगळे बोलीत बोलायचे. माझ्याशी मात्र मामा मुद्दाम छापील मराठीत. "तू बिल्डिंगवाला. तुला आमचं कुठे कळायचं?" हा टोमणा त्यात धरलेलाच असे. विहिरीवरचा पंप चालू असताना ते कॅसेट लावत नसत आणि कॅसेट लावली की पंप बंद. "दोन पाटांत एकदम पाणी सोडलं की दोन्हीकडे नुसता चिखल होतो," म्हणायचे.

आणि त्यांचा भाचा मी! सातिवलीच्या एका कारखान्यात माल पाठवण्याचं काम बघतो. "गाडी निघाली का?" या एका प्रश्नात माझी पंचवीस वर्षं गेली. मी प्रवचनंसुद्धा दीडपट वेगाने ऐकतो. बायकोचे व्हॉइस मेसेज दुप्पट वेगाने. ती म्हणते, "म्हणूनच तुम्हाला मी सतत भांडतेय असं वाटतं."

मामांकडे दोन कॅसेट अशा होत्या, की त्यांना दुसरं कोणी हात लावायचं नाही. मी शाळेत असताना रामनवमीच्या दुपारी गावच्या मारुतीच्या देवळात झालेलं भजन मामांनी स्वतः त्यांवर टेप केलं होतं. गाणं तसं बेताचंच. पण मामा त्यात गाणं ऐकतच नसत, माणसं ऐकत. "हा घसा खाकरला ना, तो तुझा आजा." "आता टाळ मागे पडेल बघ. पडला? आमचा धाकू. जन्मभर मागेच." त्यातलं कोणीच आता उरलेलं नव्हतं.

या कॅसेट मोबाइलमध्ये घेऊया, ही कल्पना माझी. नालासोपाऱ्याच्या एका दुकानात दिल्या. दुकानदार म्हणाला, "एकदम साफ करून दिलंय, साहेब. खरखर, खोकणं, मधल्या रिकाम्या जागा, सगळं काढून टाकलं." तीन तासांचं दोन तासांत आलं होतं. मला तर एक तास वाचल्याचाच आनंद. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं, हात वर धरला आणि बऱ्याच वेळाने विचारलं, "भजन आहे रे. माणसं कुठे गेली?"

नशीब, कॅसेट शाबूत होत्या. त्या दिवशी मामांनी पहिल्यांदा सांगितलं, की उजवा कान गेलाय, डावाही चाललाय आणि डॉक्टर त्याचाही फार दिवसांचा भरवसा देत नाहीत. "चार बाजू आहेत. चार रविवार ये. मी सांगतो, तू लिहून घे. माझा कान गेला की त्यांना ओळखणारं कोणी नाही."

पहिल्या रविवारी गेलो. चार वेळा कारखान्यातून फोन आला. चारही वेळा मामांनी टेप थांबवली, मागे घेतली, पुन्हा लावली. मध्येच अगदी बारीक किणकिण झाली. मामा म्हणाले, "ही तुझी आई. प्रसादाचं ताट उचललं तिनं." आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी पुन्हा लावायला सांगितलं. मामा हसले. "बघ. आता कशी घाई नाही तुला."

दुसऱ्या रविवारी माझी गाडी चिंचोटीला अडकली; धबधब्याला निघालेल्या गर्दीने रस्ता तुंबला होता. तिसऱ्या रविवारी पाहुण्यांना कळंबचा समुद्र दाखवायचा होता. चौथ्या रविवारी काय होतं ते आठवत नाही, आणि तेच जास्त टोचतं. मग मामीचा फोन आला. "येऊन जा रे, नंदू. काल कुकर ओरडत होता आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते."

रजा टाकून गेलो. मामांच्या कानात मशीन होतं. "यातून भांडी ऐकू येतात, माणसं नाहीत," ते ओरडून म्हणाले, आणि तरीही त्यांनी दुसरी बाजू लावली. हात टेपवर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी ऐकायचं आणि त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचं, असा त्यांचा बेत असावा. थोड्या वेळाने कोणीतरी खोकलं. माझी मान हलली.

"कोण?" मामांनी विचारलं.

मला काय माहीत! पण त्या डोळ्यांकडे बघवेना. मामांच्या शेजारचे भाऊ गावातलं एकही भजन चुकवत नसत, असं ऐकलं होतं. मी वहीत 'भाऊ' लिहिलं आणि वही पुढे केली.

मामांनी चष्मा लावून वाचलं. "नाही रे. भाऊ त्या दिवशी नव्हता. त्याच्याकडे सुतक होतं." आवाजात राग नव्हता. वही मिटून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. "खोटी माणसं बसवू नकोस तिथे."

भजन चालूच होतं. पुन्हा कोणीतरी खोकलं. या वेळी मी मान खालीच ठेवली.