टाचेखालची खूण

देवरामचा बाप देवळ्याच्या बाजारात चपला करून विकायचा. प्रत्येक चपलेच्या टाचेवर तो स्वतःची खूण ठोकायचा: आरीचं टोक आणि खाली दोन टिंबं. म्हातारा गेला, खूण लोकांच्या पायांखाली झिजून संपली. देवरामला हेच सलायचं. बापाची खूण एकदा तरी वर यावी, माणसांनी हातात घ्यावी, एवढाच त्याचा हट्ट.

नाशकात रविवार कारंज्याजवळ प्रफुल्लशेठच्या बाइंडिंगच्या कारखान्यात त्याची उमर गेली. मेंढीचं कातडं रापीने कागदासारखं तासायचं, ओलसर करून हाडाच्या पात्याने वेल दाबायची, मग पितळी ठसा तापवून उठवायचा. ठसा ओल्या फडक्याला लावला की चर्र व्हायचं, त्या आवाजावर त्याचा कान. जास्त तापला तर कातडं करपतं, कमी तापला तर नक्षी रुसते. वकील-कारखानदारांच्या कपाटांत त्याच्या वेली मिरवत होत्या. आत चिठ्ठी मात्र शेठच्या नावाची. देवरामने खुणेचं काढलं की शेठ म्हणायचा, गिऱ्हाइकाला कारागीर दाखवायचा नसतो.

अठ्ठ्याण्णव साली शहरातल्या एका विद्वानाचा, अण्णासाहेबांचा, ग्रंथ निघायचा होता. विषय काय, तर अस्पृश्यता. चाहत्यांनी ठरवलं, पहिली प्रत अस्सल चामड्यात बांधायची. अण्णासाहेब स्वतः कारखान्यात आले, देवरामच्या खांद्यावर हात ठेवला, तुमच्या हाताशिवाय हा ग्रंथ अपुरा आहे म्हणाले. देवराम कसला सोडतोय, तिथल्या तिथे त्याने खूण मागितली. पाहुण्यांसमोर शेठला नाही म्हणता येईना. ठरलं, मागच्या कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढी.

देवरामने द्राक्षाची वेल उठवली. एकेक मणी असा फुगवला की बोट लावून बघावंसं वाटे. शेवटी कोपऱ्यात आरीचं टोक आणि दोन टिंबं.

प्रकाशनाच्या आदल्या दिवशी मंडळी ग्रंथ घेऊन देवळात निघाली. आधी देवाच्या पायांवर, मग माणसांच्या हातात, ही आपल्याकडची रीत. एवढी शिकलेली डोकी! गाभाऱ्यात चामडं चालत नाही म्हणून प्रत्येकाने कमरेचा पट्टा काढून बाहेर ठेवला, आणि कातड्याचा ग्रंथ छातीशी धरून आत निघाले. पुजाऱ्याने उंबऱ्यावरच अडवलं. त्याच उंबऱ्यावर अण्णासाहेबांनी ग्रंथात अख्खं प्रकरण लिहिलं होतं. ते एवढंच म्हणाले, शुभकार्यात वाद नको.

दुपारी ग्रंथ देवरामपुढे येऊन पडला. शेठने फर्मान सोडलं: रेक्झिन चढव, नक्षी मशीनवर मारू. जुनं कव्हर तूच काढ, दुसऱ्याच्या हातून पानं फाटतील.

"आणि खूण?"

"रेक्झिनवर कसली खूण, देवराम?"

"शेठ, पुस्तक कशावर आहे?"

शेठने खिडकीबाहेर पाहिलं. "तुला काम टिकवायचंय ना?"

घरी दोन पोरी शाळेत होत्या. देवरामने ओलं फडकं दाबून खळ मऊ केली आणि स्वतःच्याच कामाची साल काढली. वेल ताणली, मणी बसले. ते कातडं आता कुठल्याच पुस्तकाच्या कामाचं राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो सभागृहात शेवटच्या रांगेत बसला. स्पर्शावर बोलताना अण्णासाहेबांनी ग्रंथाच्या रेक्झिनवर तळहात ठेवला. टाळ्या पडल्या. शेजारचा बघत होता म्हणून देवरामनेही वाजवल्या.

घरी येऊन त्याने कातड्याचा तो कोपरा कापला आणि आपल्याच चपलेच्या टाचेला खाली ठोकला. त्याची बायको नवसाबाई दारातून बघत होती.

"आवो, एवढं चांगलं काम पायाखाली घातलं?"

"तिथून कुणी काढाया सांगत नाय."

सकाळी त्याच चपला घालून तो कामावर गेला. कातडं पातळ, रस्ता डांबरी. आधी टिंबं गेली, मग आरीचं टोक.