स्थळाची चौकशी करायला तावलीच्या डोंगरावर

माझ्या लग्नाची चौकशी आमच्या आत्याने कल्याणला पिठाच्या गिरणीत केली. ही तिची ठरलेली पद्धत. मुलाकडचे लोक खरं सांगत नाहीत आणि शेजारी भिडेपोटी गोड बोलतात, पण गिरणीत दळण टाकून बसलेल्या बायकांना प्रत्येक घरातलं सगळं ठाऊक असतं, असं तिचं म्हणणं. म्हणून ती नौपाड्यातून गव्हाची पिशवी घेऊन थेट कल्याणला गेली, दळण टाकलं, दुपारभर तिथे बसली आणि संध्याकाळी घरी येऊन पीठ खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "कुठेतरी पाणी मुरतंय."

साल चौपन्न की पंचावन्न. मी मॅट्रिक होऊन ठाण्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. वडील कचेरीत कारकून. स्थळ कल्याणचं, मुलाचं नाव वसंत, मोहन्याच्या बाजूला एका कारखान्यात नोकरी. घरात आई, वडील आणि हा एकुलता एक, असं आम्हाला सांगितलेलं. पावसाळा संपल्यावर ते कल्याणातच एका नव्या घरात राहायला आले होते. वडील एकदा जाऊन घर बघूनही आले. खाली दोन खोल्या, वर एक. वरच्या खोलीचं दार बंद होतं, वडिलांनी विचारलं तर मुलाची आई म्हणाली, "तिथे सामान आहे."

गिरणीतून आत्याने दोन बातम्या आणल्या. एक, मुलगा दर रविवारी सकाळी पाठीला पिशवी लावून एकटाच डोंगरात जातो आणि दिवेलागणीला परत येतो. दुसरी, त्या घरात माणसं तीन आणि दळण चौघांचं. आत्याने दोन्ही एकत्र ठेवून हिशेब केला, की चौथ्याची भाकरी डोंगरात जाते. आता डोंगरात जाऊन जेवणारं माणूस कोण? एक तर हातभट्टी लावणारा, नाहीतर बाई.

आजच्या मुलामुलींना हे ऐकून हसू येईल. तुम्ही रविवारी उठून ट्रेकला जाता, फोटो टाकता. तेव्हा आमच्यात धडधाकट माणूस कामाशिवाय डोंगर चढत नसे. देवदर्शन असेल, लाकूड असेल, गुरं हरवली असतील तर गोष्ट वेगळी. त्यात दारूबंदीचे दिवस. डोंगरातून पाठीवर पिशवी घेऊन उतरणाऱ्या माणसाकडे सगळेच एका नजरेने बघायचे. वडील स्थळ सोडून द्यायला निघाले होते. मला मात्र तो मनातून आवडला होता. बघायला आला तेव्हा बाकी सगळे माझ्या स्वयंपाकाबद्दल विचारत होते, त्याने विचारलं की शाळेच्या गच्चीवरून खाडी दिसते का. तेवढ्यावर माणूस आवडावा का, असं आई म्हणाली. पण आवडला होता, काय करणार.

शेवटी आत्याने मार्ग काढला. तिने निरोप पाठवला की आम्हालाही डोंगर बघायचाय. उलट निरोप आला, "जरूर या. भाताची कापणी झाली की आकाश स्वच्छ असतं, लांबचं दिसतं." आत्या म्हणाली, बघ, किती बिनधास्त आहे, सराईत दिसतोय.

रविवारी सकाळी आम्ही ठाण्याहून निघालो, तो कल्याणला आमच्या डब्यात चढला. खाकी अर्धी चड्डी, पायात कॅनव्हासचे बूट, पाठीला ती पिशवी. आत्याने त्याच्याकडे एकदा आणि पिशवीकडे चारदा पाहिलं. तिकिटाला किती आणे पडले ते आता आठवत नाही, पण आत्याने आमची तिकिटं आम्हीच काढायची असं ठणकावलेलं आठवतं. विठ्ठलवाडी गेलं, निर्वासितांच्या बराकींच्या रांगा गेल्या, अंबरनाथ गेलं, आणि उजव्या हाताला ती सबंध डोंगररांग उभी राहिली. मलंगगडाचा उभा कातळ, पुढे तावलीचा पसरट माथा, आणि लांब चंदेरीचा सुळका. तुम्ही जाणार असाल तर गाडीत उजवीकडची खिडकी धरा.

बदलापूरला उतरलो आणि फाटकापाशी शिपायाने अडवलं. वसंतला नाही, आत्याला. तिच्या पिशवीत कोकमाच्या सरबताची बाटली होती, लालभडक. शिपायाने बूच काढून वास घेतला, मग घोटभर पिऊन पाहिलं, मग आणखी घोटभर. आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "त्यांची पिशवी बघा की," ती वसंतकडे बोट दाखवून म्हणाली. शिपाई म्हणाला, ते दर रविवारचे आहेत, त्यांची बघून झाली आहे. आता शिपायाने बघून सोडलं म्हणजे दारू नाही, हे उघड होतं. मला हायसं वाटलं. आत्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "म्हणजे बाई."

स्टेशनापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत मोकळ्या शेतांतून वाट आहे. कापणी झालेली, खुंट पायाला टोचतात, म्हणून वहाणा चांगल्या घाला. आत्या नऊवारीचा काचा मारून, हातात छत्री घेऊन चालत होती. पायथ्याला ठाकरांची वाडी लागली. आम्हाला बघितल्याबरोबर दोन बायकांनी चुलीवरची हंडी उचलून झोपडीत नेली. एक म्हातारी पुढे आली आणि आत्याला तिने विचारलं, "सरकारी हाव काय तुमी?" आत्या नाही म्हणाली, पण छत्री आणि डोळ्यांवरचा चष्मा बघून म्हातारीला काही ते पटलं नाही. मग तिने वसंतला पाहिलं, "हा तं रविवारचा," असं म्हणाली आणि निवांत झाली. वसंतने पिशवीतून दोन भाकऱ्या काढून तिला दिल्या, तिने त्याला काकड्या दिल्या. आत्याने मला कोपर मारलं. दळण इथे येतंय, असा त्याचा अर्थ. म्हातारीच्या झोपडीत आणखी कोण राहतं ते बघायला ती वाकलीसुद्धा. आत शेळी होती.

चढ सुरू झाला तसं माझं बोलणं बंद झालं. पहिला टप्पा गवताळ आहे, सोपा. मग एक घळ लागते, तिथे मोठमोठे धोंडे आणि सावली. पाणी तिथे शेवटचं, वर मिळत नाही, हे लक्षात ठेवा. वसंत तांब्या घेऊन झऱ्याकडे गेला, पिशवी धोंड्यावर ठेवून. आत्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवीचं तोंड उघडलं. मी नको नको म्हणत होते, पण बघतही होते, खोटं कशाला सांगू. भाकरीच्या फडक्याखाली एक गाठोडं होतं. हिरव्या परकराच्या कापडात गुंडाळलेला आरसा. चांगला वीतभर, लाकडी चौकटीचा.

दाढीचा आरसा असा नसतो, आणि परकरात गुंडाळून कुणी नेत नाही. मी आत्याला म्हणाले, इथूनच परत जाऊ. तिने गाठोडं होतं तसं बांधून ठेवलं आणि म्हणाली, "आता तर वरपर्यंत जायचं. कोण आहे ती बघूनच उतरायचं." वसंत पाणी घेऊन आला. मी त्याच्या हातचं पाणी प्यायले नाही. त्याला वाटलं मला तहान नाही.

तावलीचा माथा म्हणजे लांबच लांब पठार. पिवळं गवत, वारा, आणि चारी बाजूंना मुलूख उघडा पडलेला. दक्षिणेला चंदेरी आणि त्याच्या अलीकडे नवरा-नवरीचे सुळके. पूर्वेला उल्हास नदी वळणं घेत गेलेली. पश्चिमेला पनवेलच्या बाजूची खाडी चकाकत होती. उत्तरेला मलंगगडाच्या उजवीकडून कल्याण दिसत होतं, मोहन्याच्या बाजूला धुराची रेघ, आणि त्याच्याही पलीकडे माहुली, निळसर. अशी जागा मी जन्मात पाहिली नव्हती, आणि मला तिथे रडू येत होतं. वसंत एकेक डोंगर बोटाने दाखवत होता, मी हूं हूं करत होते. पठारावर चिटपाखरू नव्हतं. आत्या मात्र प्रत्येक झुडपाकडे बघत होती.

ऊन डोक्यावर यायला लागलं तसा तो चुळबुळ करू लागला. म्हणाला, तुम्ही जेवायला बसा, मी आलोच. पिशवी घेऊन उत्तरेच्या टोकाला गेला. आत्या अर्धी भाकरी हातात घेऊन त्याच्यामागे, मी आत्याच्यामागे. तो गुडघ्यांवर बसला होता. आरसा वर धरून सावकाश हलवत होता, आणि कल्याणकडे बघत होता.

मग कल्याणात एक ठिणगी पेटली. विझली. परत पेटली.

"कोण आहे ती?" आत्याने मागून विचारलं.

तो दचकला नाही. आरसा खाली ठेवला आणि म्हणाला, "माझी बहीण. कुमुद."

आत्या म्हणाली, तुम्ही तर एकुलते एक. तो म्हणाला, तसं सांगितलं होतं. लहानपणी ताप आला आणि तिचे पाय गेले. वरच्या खोलीतून ती खाली उतरत नाही. तिच्यामुळे आधीची दोन स्थळं मोडली, म्हणून या वेळी आईने ती नाहीच असं ठरवलं. खिडकीतून तिला हे डोंगर दिसतात. दिवसभर बघून बघून ती त्याला विचारायची, वर काय आहे? त्याचा मामा पलटणीत सिग्नलवर होता, त्याच्याकडून तो आरशाने खुणा करायला शिकलेला. तेव्हापासून दर रविवारी, ज्या डोंगरावर जाईल तिथून, ऊन डोक्यावर आलं की तो तिला खूण करतो, आणि ती उलट खूण करते. आरसा तिचा, परकरही तिचाच.

"म्हणजे फसवलंत," आत्या म्हणाली.

"हो. आज इथे सांगणार होतो."

"सगळे असंच म्हणतात."

मला त्याचा राग आला होता, भयंकर राग. बाई नाही याचा आनंद, आणि एवढं माणूस लपवलं याचा राग, दोन्ही एकदम. त्यातून काय वाटलं कोण जाणे, मी खाली बसले आणि आरसा उचलला. तो कसा धरायचा ते त्याने लांबूनच सांगितलं, हाताला हात लावला नाही. दुसऱ्या हाताचं बोट समोर धरायचं, उजेड बोटावर पाडायचा, आणि बोटामागे कल्याण. माझा उजेड काही केल्या बोटावर टिकेना. तिकडची ठिणगी थांबली. बराच वेळ काहीच नाही. मग एकदम भराभर, एकामागून एक, सारखी लुकलुकायला लागली. वसंत म्हणाला, असं ती कधी करत नाही.

तावलीची घळ उतरताना गुडघे धरतात, घाई करू नका. गाडीत आत्या डोळे मिटून बसली होती. कल्याण आलं तशी पिशवी उचलून उभी राहिली. मी म्हणाले, आपलं ठाणं अजून पुढे आहे. ती म्हणाली, "मला मुलगी बघायची आहे."

आम्हाला दारात बघून वसंतच्या आईचं तोंड उतरलं. आत्या तिला काही न विचारता जिना चढली. वरची खोली लख्ख होती. खिडकीपाशी खाटेवर माझ्याच वयाची, दोन वेण्या घातलेली मुलगी, मांडीवर दुसरा आरसा. तिने आत्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे टक लावून बघत राहिली, चोर पकडल्यासारखी.

"आज आरसा तुम्ही धरला होतात," ती म्हणाली. "दादाचा हात असा हलत नाही."

मी हो म्हणाले.

"तुमचे वडील आले होते ना, ते खाली विचारत होते वर काय आहे. मी ऐकलं. सामान म्हणजे मी." हे तिने अगदी सरळ सांगितलं. मग म्हणाली, "लग्नानंतर मला कुठे पाठवणार?"

तेव्हा मी काही मोठं बोलले असते तर बरं दिसलं असतं. पण मी म्हणाले, "मी अजून हो म्हटलेलं नाही."

"मीपण नाही," कुमुद म्हणाली. मग तिने माझी चौकशी सुरू केली. मला राग लवकर येतो का, आला तर बोलते की धुमसते, चहात आलं घालते का, आणि रविवारी दादाला डोंगरावर जाऊ देईन का. शेवटच्या प्रश्नावर मी म्हणाले, मीही जाईन. तिने माझ्याकडे अविश्वासाने पाहिलं. पुढे आम्ही चाळीसहून जास्त वर्षं एका घरात काढली, आणि रविवारी निघताना दरवेळी ती तसंच बघायची, आम्ही खरंच वर पोचतोय की खालूनच परत येतोय याची खात्री झाल्याशिवाय जेवायची नाही.

तावलीवरून दिसलेल्या त्या सगळ्या मुलखातलं आता मला नीट आठवतं ते एवढंच, लांबवर पेटलेली एक ठिणगी. आता मध्ये इतक्या इमारती आहेत की आरसा धरून उपयोग नाही. पण पठार तसंच आहे म्हणतात. जा जरूर, घळीतलं पाणी भरून घ्या.

त्या संध्याकाळी आम्ही नौपाड्यात पोचलो तेव्हा वडील ओट्यावर वाट बघत होते. दारू की बाई, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. आत्याने पायांवर पाणी घेतलं, छत्री कोपऱ्यात ठेवली.

"दळण बरोबर आहे," ती म्हणाली. "माणसं चार आहेत. हिला धरून पाच होतील, तेवढं वाढवायला सांगायचं."