दुसरा माझा

कारापूरचे शांताराम चाळीस वर्षं घरगुती अ‍ॅम्प्लिफायर बनवत. ट्रान्सफॉर्मरची तार स्वतः गुंडाळत. उचलताना कंबर वाकली, तरच गिऱ्हाइकाला अ‍ॅम्प्लिफायर चांगला वाटे.

शिरगावच्या गौरेशकडे त्यांचाच अ‍ॅम्प्लिफायर होता. त्याने तळहाताएवढा नवा आणला आणि शांतारामांना बोलावून भिंतीकडे तोंड करून बसवलं. "काका, भजन दोनदा लावतो. तुमचा कुठला ते ओळखा. ओळखलात, तर बहिणीच्या घरालाही तुमचाच घेतो."

भजन दोनदा वाजलं. शांताराम म्हणाले, "दुसरा माझा. आवाज कसा भरीव आहे!"

"दोन्ही वेळा नवाच वाजला, काका. तुमच्याची वायर जोडलीच नव्हती."

घरातले सगळे हसले. शांतारामांसोबत आलेला त्यांचा जावईही हसला.

शांताराम आपल्या अ‍ॅम्प्लिफायरची वायर जोडायला वाकले.

"राहू दे, काका. दार वाऱ्याने आपटतं, तिथे ठेवतो तो."