परत म्हणणाऱ्या बाई

लांब उडीत पहिली आलेल्या मुलीला मी दुसरी ठरवलं, आणि ते माइकवरून सगळ्या मैदानाला ऐकवलं. मुलीची उडी २.८ मीटर, मुलाची २.७५. पंच्याहत्तर म्हणजे आठापेक्षा कितीतरी जास्त, असा माझा सरळ हिशेब. मी त्या शाळेत गणित शिकवायचो, हे आपलं जाता जाता सांगून ठेवतो.

माझ्या शेजारचा पाचवीचा वर्ग ज्यांच्याकडं होता, त्या बाई मंडपातून उठल्या. पदर कमरेला खोचला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि माझ्याजवळ येऊन एकच शब्द बोलल्या, “परत.”

माइक चालूच होता. मला वाटलं, मागच्यांना ऐकू गेलं नसेल. म्हणून मी तोच निकाल आणखी मोठ्यानं वाचला.

“परत,” बाई म्हणाल्या.

आता सगळं मैदान हसायला लागलं. शेवटी ती मुलगीच स्टेजवर चढली, त्या मुलाला हातानं बाजूला सरकवलं आणि पहिल्या जागेवर जाऊन उभी राहिली. मी टाळ्या वाजवल्या. 

बाईंच्या वर्गात दोनच शेरे चालायचे. चुकलं की ‘परत’, बरोबर आलं की ‘हां, पुढं’. शाब्बास, छान, हुशार असलं काही त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. तरी त्या एका ‘पुढं’साठी पोरं कशी धडपडायची, ते तुम्ही बघायला हवं होतं. पोरांचं सोडा, मीही धडपडायचो. बाईंनी एकदा, फक्त एकदा, मला ‘पुढं’ म्हणावं एवढीच माझी इच्छा होती. नोकरीची पहिली सगळी वर्षं माझी ‘परत’वर गेली.

मैदानावरच्या त्या पराक्रमानंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला त्यांच्या वर्गात बोलावलं. बसायला खुर्ची आहे का बघत होतो, तर म्हणाल्या, “खाली बसा, सर. तुमाला टिंब करायचंय.”

वर्गात पंगत मांडलेली होती. फरशीवर खडूनं आखलेले पाट, दोन ओळी समोरासमोर. एका ओळीत २.७५, दुसरीत २.८. प्रत्येक आकड्याला एक पोर. आणि दशांशाच्या टिंबाच्या जागी वर्गातलं सगळ्यात वांड पोर बसवायचं, अशी बाईंची रीत. कारण टिंब हललं की सगळ्या ओळीची किंमत बदलते. एवढी जबाबदारी अंगावर पडली की वांड पोरसुद्धा मूर्तीसारखं बसायचं. मला बसवलं, आणि नेमकी मला शिंक आली.

“बाई, सर सरकले,” माझ्या शेजारची ‘आठ’ ओरडली. “माझं दोन पॉइंट आठचं अठ्ठावीस झालं.”

पाचाच्या समोरचा पाट रिकामा होता. बाईंनी तिकडं बोट केलं. “हितं कोण बसणार? पंगतीत जागा सोडून वाढपी पुढं जातो व्हय?” पोरांनी एका शून्याला आणून बसवलं. मग वाढप सुरू झालं, ते नेहमी थोरांच्या, म्हणजे डावीकडच्या, बाजूनं. दोनासमोर दोन, सारखे. पुढच्या पाटावर सातासमोर आठ, संपला निकाल. थोरांत निकाल लागला की धाकट्यांना विचारायचं नाही. पाच झालेली मुलगी फुगून बसली, म्हणाली, माझ्यापर्यंत कुणी आलंच नाही. बाईंनी तिला समजावलं की थोरली माणसं सारखी निघाली म्हणजे सगळा निकाल तुझ्याच हातात येतो.

टिंबाच्या पलीकडं ‘पंच्याहत्तर’ म्हणायला त्यांच्या वर्गात बंदी होती. सात पाच म्हणायचं. पंच्याहत्तर म्हटलं की सगळे आकडे एक होऊन अंगावर येतात आणि माणूस घाबरून त्यांनाच मोठं म्हणतो, असं त्या म्हणायच्या. हे सांगताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण पोरांनी बघितलं.

चढता क्रम जिन्यावर चालायचा. हातात पाटी धरून पोरं पायरी शोधायची. ०.०९ वाला जोरात वर जायचा आणि हळूहळू खाली यायचा. ०.५ आणि ०.५० एकाच पायरीवर येऊन ढकलाढकली करायला लागले की बाई खालून म्हणायच्या, “भांडू नगासा. सारखंच हायसा की दोघं.”

बाई निवृत्त झाल्या आणि पाचवी माझ्या गळ्यात आली. निरोपाच्या दिवशी हार, नारळ, माझं लांबलेलं भाषण, सगळं झालं. नंतर मी त्यांना एकटं गाठलं आणि म्हणालो, “बाई, आता जाता जाता तरी एकदा पुढं म्हणा.”

“शिकवताना बघितल्याबगर कसं म्हणू?” त्या म्हणाल्या. “दशांशाचा धडा आला की कळवा. यीन. मागं बसीन.”

त्या गडहिंग्लजला धाकट्या बहिणीकडं राहायला गेल्या. मी फोन करत राहिलो. बाई, आज शून्य बसवायचंच राहिलं. बाई, आज ०.०९ ला मीच ०.१ च्या वरच्या पायरीवर चढवलं, पोरांनी उतरवलं. पलीकडून तोच शब्द यायचा. मग त्या एकेका पोराची चौकशी करायच्या, जिन्याच्या कठड्याची करायच्या. पहिल्या वर्षी धड्याच्या वेळेला पंचगंगेला पूर आला, रस्ते बंद. नंतर त्यांच्या गुडघ्यांनी अडवलं.

या वर्षी मात्र नक्की येते म्हणाल्या. मी धडा मागं ढकलला. कोन घेतले, वर्तुळ घेतलं, मुख्याध्यापक विचारायला लागले. शेवटी दिवस ठरला. सकाळच्या एसटीनं बाई येणार होत्या. मी शिक्षक खोलीतली गादीची खुर्ची आणून मागच्या भिंतीला ठेवली. पोरं पाटांवर बसली होती, तेवढ्यात बाईंच्या बहिणीचा फोन आला. आपा पहाटेच गेली, म्हणाल्या.

पोरांना काय सांगायचं ते कळेना, म्हणून शिकवलं. काय बोललो ते आठवत नाही. पोरांनी आपणहून शून्य बसवलं, थोरांकडनं सुरुवात केली, आठाशी निकाल लावला. पाच झालेली मुलगी रुसली. मी खुर्चीकडं बघितलं. परत नाही, पुढं नाही. घंटा झाली.

मिळेल ती एसटी धरली, तरी पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. घर माणसांनी भरलेलं, दारात चपलांचा ढीग. कुणीतरी चहा हातात दिला. बाईंची बहीण समोर येऊन बसली. चेहरा तोच, चष्मा नाही. अशा घरी विचारायचा प्रश्न नव्हे, पण मी विचारलाच. माझं शिकवणं त्यांना कधी बघता आलं नाही, पण बाई माझ्याबद्दल काही बोलायच्या का?

त्या काही बोलणार, एवढ्यात त्यांना आतून हाक आली. मी थोडा वेळ थांबलो, मग उठलो, बाहेर येऊन चपला घातल्या. पायरी उतरलो तर त्या मागोमाग आल्या.

“आपा म्हणायची, त्या सरास्नी सगळं येतंय. मला फोन करायला मिळावा म्हणून मुद्दाम चुकत्यात.”

मी मान खाली घातली. उजव्या पायात माझी चप्पल होती, डाव्या पायात दुसऱ्याच कुणाची तरी. त्यांनीही ते बघितलं.

“मला तसं वाटत न्हाय,” त्या म्हणाल्या.